मी संत मायकल नाही!

मी एक जुना चांदीचा बिल्ला आहे. जुना म्हणजे किती, ते आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. दोनशे दहा वर्षांचा! तळहात जवळजवळ झाकेल एवढा गोल, चांगला जाडजूड, दोन्ही अंगांनी कोरलेला. मित्रांनो, या दोनशे दहा वर्षांतली दीडशे वर्षं लोकांनी मला संत मानलं. माझे मुके घेतले, माझ्यापुढे मेणबत्त्या लावल्या, डोळे मिटून माझ्याकडे मागणं मागितलं. मी संत नव्हतो. मला ते पक्कं माहीत होतं, पण बिल्ल्याला सांगायला तोंड कुठे असतं? आणि मग ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली नावाच्या खाणीच्या गावात, कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, एका रविवारी सकाळी मी पालथा पडलो आणि एका बाईने माझ्या पाठीवरचं वाचलं. अजून ते आठवलं की मी नुसता थरथरतो. पण थांबा, क्रमाने सांगतो.

माझा जन्म कलकत्त्याच्या टांकसाळीत झाला. तिकडे युरोपात तेव्हा नेपोलियनचा दबदबा होता आणि इंग्रजांचं त्याच्याशी युद्ध जुंपलं होतं. त्या युद्धाची धग आपल्या हिंदी महासागरापर्यंत पोचली होती. मॉरिशस आणि आसपासच्या बेटांवर फ्रेंचांचं ठाणं होतं, तिथून त्यांची जहाजं निघून इंग्रजांचा माल लुटत. ती बेटं घ्यायची असं इंग्रजांच्या कंपनीने ठरवलं. बेटं घ्यायला गोरे शिपाई पुरेनात. मग देशी पलटणींना विचारलं गेलं: जहाजात बसून कोण यायला तयार आहे?

त्या काळी असं विचारावं लागे बरं का. समुद्र ओलांडला की जात जाते असं पुष्कळांना वाटे आणि त्यावरून पलटणी बिथरत. म्हणून ज्याची इच्छा असेल त्याने पुढे यावं, अशी रीत होती. मुंबईच्या मैदानावर रांग उभी होती. वसईकडचा एक पोरगेला ख्रिस्ती शिपाई पुढे सरकला. त्याचं नाव इनास. कुणाचं राज्य आणि कुणाची बेटं, त्याला त्याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. पण तो समुद्राकाठी वाढला होता, लाटेची खोड ओळखून होता, आणि आपण पुढे नाही गेलो तर ज्यांना पोहता येत नाही त्यांना पुढे जावं लागेल, एवढं त्याला कळत होतं. बेटावर उतरताना लाटा घरावरून उसळाव्यात एवढ्या होत्या. इनासने बंदूक दातांत धरायची तेवढी बाकी ठेवली! त्याने त्या दिवशी आपल्या होडीतले सहा जण किनाऱ्याला ओढून काढले.

या सगळ्याची आठवण म्हणून मी घडलो. माझ्या दर्शनी अंगावर एक देशी शिपाई आहे. त्याच्या एका हातात निशाण, दुसऱ्या हातात संगीन लावलेली बंदूक. पायाखाली फ्रेंचांचं निशाण आणि त्यावरचा पंख पसरलेला गरुड. मागे समुद्रात जहाजं. पाठीवर मधोमध फारसीत मजकूर, कारण दरबारी कामकाजाची भाषा तेव्हा फारसी होती, आणि कडेने गोल इंग्रजी अक्षरं. पिवळ्या रेशमी दोरीत मला ओवून इनासच्या गळ्यात घातलं तेव्हा त्याची मान अशी ताठ झाली की दोन दिवस खाली येईना.

फक्त एक गोष्ट माझ्यावर कुणी कोरली नाही. इनासचं नाव.

पुढे तो गावी परतला, म्हातारा झाला. त्याला नातू झाला आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी ते पोर किंचाळून किंचाळून निळं पडलं. इनासने मला आपल्या गळ्यातून काढलं आणि गंमत म्हणून पोराच्या गळ्यात अडकवलं. मी त्याच्या बेंबीच्या खाली लोंबत होतो! पोराने मला दोन्ही हातांनी धरलं आणि ते गप्प झालं. सगळी मंडळी हसली. बस, एवढंच घडलं होतं. पुढच्या पोराच्या वेळी कुणीतरी म्हणालं, घाला की तो आजोबांचा बिल्ला. मग त्याच्या पुढच्याला. अशी रीत पडली.

रीत राहिली आणि आजोबा विसरले गेले. मला राखेने घासून घासून माझ्यावरच्या शिपायाचा चेहरा पुसट झाला. माझं कडं तुटलं, तेव्हा सोनाराने मला चांदीची चौकट बसवली, वर एक छोटा क्रूस जोडला, आणि कडेची सगळी इंग्रजी अक्षरं त्या चौकटीखाली गेली. आता बघा तुम्ही. एक उभा माणूस, हातात निशाण, दुसऱ्या हातात भाल्यासारखं काहीतरी, पायाखाली पंखवाला कुणीतरी. वसईच्या कुठल्याही भाविक ख्रिस्ती माणसाला विचारा हा कोण. सैतानाला पायाखाली तुडवणारा मुख्य देवदूत, संत मायकल! गावच्या मास्तरांनी तसं सांगितलं, फादरांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं, आणि मी संत झालो. मागची जहाजं म्हणजे बायबलातल्या महापुरातलं नोहाचं तारू ठरलं. पाठीवरची फारसी म्हणजे येशूच्या देशातली भाषा. पाठ कुणी घासायचंसुद्धा नाही, पवित्र अक्षरं झिजतील म्हणून. त्या भीतीनेच ती शाबूत राहिली, हे मात्र माझं नशीब.

मित्रांनो, पहिल्यापहिल्यांदा मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू? कुणाला आवडत नाही मेणबत्ती? पण मग मला लाज वाटायला लागली. मला गळ्यात घालून बाप्तिस्मा झालेली कितीतरी मुलं देवीने गेली, पटकीने गेली, प्लेगात गेली. ती कुणी लक्षात ठेवली नाहीत. जगली ती सगळी माझ्यामुळे, असं घरात म्हटलं जाई.

आणि मग १९७८ साल आलं. या घराण्याची सून मार्सेलिन, वय चोवीस, मुंबईत बँकेत नोकरी, बोलायला फटाकडी. तिला पहिला मुलगा झाला, क्लेमेंट. मी तेव्हा तिच्या सासूकडे वसईच्या घरी होतो. सासू म्हणाली, बाप्तिस्मा गावी करा, मेडल गावाबाहेर जाणार नाही. मार्सेलिन म्हणाली, एका चांदीच्या तुकड्यासाठी तान्हं बाळ घेऊन मी प्रवास करणार नाही. दोघींचं वाजलं. क्लेमेंटचा बाप्तिस्मा मुंबईत माझ्याविना झाला. तीन महिन्यांनी त्याला ताप आला, मेंदूत गेला, आणि चौथ्या दिवशी तो गेला. सासू मला घेऊन दफनाला आली. तिने मला मार्सेलिनच्या हातात ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "हे घातलं असतंस तर."

मी तिच्या मुठीत होतो. तिने मला एवढं घट्ट दाबलं की माझी कड तिच्या तळहातात रुतली. मला ओरडायचं होतं, अगं बाई, मी बिल्ला आहे, तापाशी माझा काय संबंध! त्या दिवसापासून तिने मला एक दिवसही दूर केलं नाही. बँकेत नेलं, बाजारात नेलं, रुमालात बांधून उशीखाली ठेवलं. फॅबियन झाला, मेरिल झाली, दोघांच्या बाप्तिस्म्याला मी गळ्यात. फॅबियनची मुलगी हॅना सिडनीत जन्मली, तर मार्सेलिनने तिला बाप्तिस्म्यासाठी वसईला आणायला लावलं. मुलांना एवढंच ठाऊक होतं की आपल्याआधी एक भाऊ होता आणि तो विषय मम्मीपुढे काढायचा नाही.

२०२०च्या फेब्रुवारीत मार्सेलिन तीन महिन्यांसाठी फॅबियनकडे आली, सिडनीच्या क्वेकर्स हिलला. रुमालात मी होतोच. मार्चमध्ये विमानं बंद झाली. तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. त्या दीड वर्षात मार्सेलिन झूमवर चर्चची मिस्सा ऐकायला शिकली आणि सून लीना वृद्धाश्रमातल्या एज्ड केअरच्या शिफ्टवरून आली की तिला दारातच सॅनिटायझर द्यायला शिकली. आणि २०२१च्या जुलैत, सिडनीत पुन्हा कडक लॉकडाऊन असताना, कालगुर्लीहून फोन आला. मेरिलला मुलगा झाला! वेस्ली! तीन किलो दोनशे!

मेरिल कालगुर्लीच्या हॉस्पिटलमध्ये नर्स, तिचा नवरा फ्रँकी तिथल्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर. नकाशात बघा, मध्ये अख्खं ऑस्ट्रेलिया येतं. आणि पश्चिमेच्या राज्याने आपली हद्द बंद केलेली. तिकडे कोरोना जवळजवळ नव्हता, लोक मास्कशिवाय हिंडत होते, आणि म्हणूनच सिडनीच्या माणसाला ते आत घेत नव्हते. इकडे तर घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी.

"मम्मी, बाप्तिस्मा एकोणीस सप्टेंबरला," मेरिल व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "आमच्या फादरांची बदली झालीय. ट्वेंटी-फर्स्टला निघतायत. नवीन फादर डायरेक्ट नोव्हेंबरात."

"मेडल?" मार्सेलिनने विचारलं. बाळाचं वजन नाही, बाळाचा रंग नाही. मेडल.

"पोस्टाने पाठव ना. नो वरीज. फॅबी ट्रॅकिंग नंबर देईल."

मित्रांनो, मी पोस्टाने जाणार होतो! इनासबरोबर जहाज झालं होतं, मार्सेलिनबरोबर विमान झालं होतं. आता खोक्यातून एकट्याने प्रवास! मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. मार्सेलिनने मात्र मला टेबलावर ठेवलं आणि ती नुसती बघत बसली. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती मला हातातून सोडणार होती.

दहा वर्षांच्या हॅनाची शाळा तेव्हा घरूनच चाले. ती माझ्यावर टॅब धरून फोटो काढत होती. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"नॅना, why does Saint Michael have a gun?"

माझ्या अंगावर काटा आला. दीडशे वर्षांत कुणी एवढं नीट पाहिलं नव्हतं!

"तो भाला आहे," मार्सेलिन म्हणाली.

"Spears don't have triggers."

"हॅना," फॅबियन स्वयंपाकघरातून ओरडला, "गो अँड लॉग इन. मॅथ्स सुरू झालं असेल तुझं."

गेली की ती! मी हळहळलो. इतकी जवळ आली होती. मार्सेलिनने मला रुमालात गुंडाळलं, त्यावर बबल रॅप, त्यावर खोकं, आणि खोक्याला एवढी टेप लावली की फॅबियन म्हणाला, "मम्मी, हे उघडायला फ्रँकीला ड्रिलिंग मशीन लागेल."

सहा सप्टेंबरला मी निघालो. पुढचं मला अंधारात ऐकू आलं तेवढंच. सिडनीत त्या वेळी सगळं जग घरी बसून खरेदी करत होतं, पार्सलांचे डोंगर लागले होते. तीन दिवस मी बहुधा एखाद्या फ्राइंग पॅनखाली पडून होतो. मग आगगाडी. दोन दिवस, तीन दिवस, रूळ सरळच्या सरळ, एक वळण नाही. एका ठिकाणी गाडी थांबली आणि बाहेर कुणीतरी म्हणालं, "कालगुर्ली!" मी उतरायला तयार. पण गाडी निघाली. मला आधी पर्थला जायचं होतं आणि तिथून वेगळं करून परत यायचं होतं, सहाशे किलोमीटर मागे! मी बाळाच्या दारावरून पुढे निघून गेलो होतो.

ट्रॅकिंगवर रोज एकच वाक्य दिसत होतं: पार्सल वाटेत आहे. शुक्रवार आला, सतरा तारीख, तरी पार्सल वाटेतच. क्वेकर्स हिलच्या घरात त्या संध्याकाळी जे झालं ते हॅनाने नंतर सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं की माझंही पाठ झालंय.

"मेरिल, बाप्तिस्मा पुढे ढकल," मार्सेलिन म्हणाली.

"मम्मी, कसं ढकलू? चर्च बुक आहे, फ्रँकीने रोस्टर बदलून घेतलाय, केक सांगितलाय. फादर जातायत."

"नोव्हेंबरात कर."

"मम्मी, प्लीज. इट्स जस्ट अ पीस ऑफ सिल्व्हर."

"असंच म्हटलं होतं मी," मार्सेलिन म्हणाली. "हेच शब्द. तुझ्या आजीला. आणि क्लेमेंटला न घालता नेलं चर्चमध्ये. तीन महिने, मेरिल. तीनच महिने राहिला तो मग. मी मारलं त्याला. तुला कळतंय का मी काय सांगतेय?"

फॅबियन दारात उभा होता. चाळीस वर्षांचा बाप्या, पण हे तो पहिल्यांदा ऐकत होता. मेरिल नर्स होती. ताप मेंदूत कसा जातो ते तिला ठाऊक होतं, आणि चांदीने तो थांबत नाही हेही ठाऊक होतं. तिने ते सांगायला तोंड उघडलं आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून परत मिटलं. "मी शोधते पार्सल," एवढंच ती म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत."

शनिवारी दुपारी बारा वाजता पोस्टाचं दुकान बंद होणार. मेरिलने सकाळपासून चार फोन केले. पावणेबाराला तिकडच्या काउंटरवरच्या बाईचाच उलट फोन आला. ट्रक आत्ताच लागलाय, तुमचं खोकं वरच दिसतंय, टेपच टेप आहे, तेच ना? मी बारापर्यंत आहे, पण मागच्या दाराने आलात तर पाच मिनिटं थांबते.

फ्रँकी खाणीतून शिफ्ट संपवून नुकताच गाडीत बसला होता. मेरिलचा फोन येताच तो लाल मातीने भरलेले बूट, पिवळं जाकीट, तसाच सुसाट निघाला. मी खोक्यातून ऐकलं, धप धप धप कुणीतरी पळत आलं.

"थँक्स, मेट! यू सेव्ड माय लाइफ!"

"बेबीज फर्स्ट मेडल, इज इट?" ती बाई हसली.

फ्रँकीने मला छातीशी धरलं. त्याचं काळीज ठोकत होतं, माझं असतं तर तेही ठोकलं असतं. पोचलो! मी वेळेवर पोचलो!

रविवारी सकाळी दहा वाजता कालगुर्लीच्या चर्चमध्ये पंचवीसेक माणसं जमली. कुणाच्या तोंडाला मास्क नाही, सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. क्वेकर्स हिलला दुपारचे बारा झाले होते. तिथे मार्सेलिन ठेवणीतली जरीची साडी नेसून लॅपटॉपसमोर बसली होती, मागे फॅबियन, लीना, आणि सगळ्यांच्या पुढे घुसणारी हॅना. कालगुर्लीत फोन धरायचं काम नसरीनकडे होतं. नसरीन मेरिलच्याच हॉस्पिटलात डॉक्टर, मूळची इराणची, मेरिलची जिवाभावाची मैत्रीण. तिचा हात ऑपरेशन थिएटरमध्ये हलत नाही, म्हणून फोन तिच्याकडे दिला होता.

"मेडल दाखव," फोनमधून मार्सेलिनचा आवाज आला. "गळ्यात घालायच्या आधी मला दाखव. पोचताना काही झालं नाही ना त्याला?"

मेरिलने मला बाळाच्या पांढऱ्या शालीवर ठेवलं. घाईत मी पालथा पडलो.

"जवळ ने ना, नसरीन. अजून जवळ," मार्सेलिन म्हणाली. नसरीनशी सगळे इंग्रजीतच बोलत, मी आपला मराठीत सांगतोय.

नसरीनने फोन जवळ आणला आणि स्क्रीनमधून माझ्याकडे पाहिलं. मग फोन बाजूला करून डोळ्यांनी पाहिलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने बोट माझ्या पाठीवरून उजवीकडून डावीकडे फिरवलं. उजवीकडून डावीकडे! मित्रांनो, दोनशे वर्षांत कुणी माझ्या पाठीवरून त्या दिशेने बोट फिरवलं नव्हतं. वाच, मी मनात ओरडलो, वाच, वाच, वाच!

"हँग ऑन," नसरीन म्हणाली. "मेरिल, धिस इज फार्सी."

"काय? नाही गं, ते हिब्रू की काय आहे. येशूच्या वेळचं."

"आय कॅन रीड इट. जुन्या वळणाचं आहे, पण वाचता येतंय." आणि तिने मोठ्याने वाचलं. आधी फारसीत. ती भाषा ऐकून मी गहिवरलो. मग सावकाश इंग्रजीत. त्याचा अर्थ असा: इंग्रज कंपनीच्या शिपायांनी रॉड्रिग्ज, बुर्बों आणि मॉरिशस ही बेटं घेताना जे शौर्य आणि जी निष्ठा दाखवली, तिच्या आठवणीसाठी हा बिल्ला देण्यात आला आहे. हिजरी सन बाराशे सव्वीस, म्हणजे आपलं १८११.

चर्चमधली मंडळी जवळ सरकली. फादरही पुस्तक मिटून पुढे वाकून बघत होते.

"म्हणजे," फ्रँकी म्हणाला, "सेंट मायकल?"

"I TOLD you!" हॅना सिडनीहून किंचाळली. "He's got a GUN!"

"हॅना!" फॅबियन म्हणाला.

पण कुणी हसलं नाही. सगळे फोनच्या स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीनवर मार्सेलिनचा चेहरा होता. माझा सगळा आनंद तिथल्या तिथे थिजला. एवढी वर्षं मी खरं सांगायला तडफडत होतो आणि या बाईचं काय होईल हा विचार मला शिवलाही नव्हता. तिचा संत मी एका मिनिटात काढून घेतला होता.

"नसरीन," मार्सेलिन म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "परत वाच, बेटा."

नसरीनने परत वाचलं.

"देवाचं नाव कुठे आहे का? संताचं? आशीर्वाद, प्रार्थना, असं काही?"

"नो, आंटी. आयॅम सो सॉरी. फक्त शिपाई."

"सॉरी नको म्हणू. नीट बघ. काहीच नाही?"

"काहीच नाही, आंटी."

मार्सेलिन मागे टेकली. तिने आपला तळहात उलटा करून पाहिला, बराच वेळ पाहिला.

"म्हणजे यात काही नव्हतंच," ती म्हणाली. "घातलं असतं तरी तो गेलाच असता."

मेरिल रडायला लागली. "हो मम्मी. गेलाच असता. ते मेनिंजायटिस होतं. मम्मी, ते तुझ्यामुळे नव्हतं."

"माझ्यामुळे नव्हतं," मार्सेलिन म्हणाली. मग फॅबियनकडे वळून तिने त्यालाही सांगितलं, जणू तो ऐकत नव्हता. "फॅबी, माझ्यामुळे नव्हतं रे." फॅबियनने खाली वाकून आईला मिठी मारली आणि लॅपटॉप आडवा झाला. थोडा वेळ कालगुर्लीकरांना फक्त छताचा पंखा दिसत होता.

फादर थांबले होते. मेरिलने डोळे पुसले, मला हातात घेतलं. "मम्मी, मग घालू की नको घालू?"

पंख्याच्या जागी परत मार्सेलिन आली. तिचे केस विस्कटले होते.

"घाल हवं तर," ती म्हणाली. "नसेल घालायचं तर राहू दे. आणि फादरांना सांग, पाणी जरा कोमट घ्या. डोक्यावर एकदम गार पडलं तर पोर दचकेल."

मित्रांनो, वेस्लीचा बाप्तिस्मा कोमट पाण्याने झाला. मी नसरीनच्या तळहातावर बसून तो पाहिला, सरळ, चेहरा वर करून. दीडशे वर्षांत मी पाहिलेला हा पहिला बाप्तिस्मा की ज्यात माझ्यावर कुठलीच जबाबदारी नव्हती! मला नाचावंसं वाटत होतं. इकडे सिडनीत हॅनाने आजीला विचारलं, "What was he like, Nana?" आणि त्या दुपारी मार्सेलिन दोन तास बोलली. क्लेमेंट झोपेत हसायचा, त्याला बापाच्या मिशीची भीती वाटायची, आंघोळ घालताना तो पाय झाडून सगळ्यांना भिजवायचा. ती सांगताना हसत होती. एवढी हसताना तिला तिच्या मुलांनी पाहिलंच नव्हतं.

मी आता कालगुर्लीत मेरिलच्या घरी कपाटावर असतो. माझा मुका कुणी घेत नाही. फ्रँकीच्या मित्रांना माझं फार कौतुक. बिअरचा कॅन हातात घेऊन ते माझी गोष्ट ऐकतात आणि म्हणतात, "गुड ऑन हिम, मेट." म्हणजे शाबास त्या शिपायाची! पुढच्या वर्षी मार्चमध्ये हद्द उघडली आणि मार्सेलिन विमानाने आली. तिने आधी वेस्लीला उचललं, त्याला सोडेचना. मला तिने दुसऱ्या दिवशी हातात घेतलं, शिपायाच्या झिजलेल्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला आणि परत जागेवर ठेवून दिलं.

तुम्हाला मी काय सांगणार? घरातली जुनी वस्तू नुसती पुसून ठेवू नका, उलटी करून बघा. वाचता आलं नाही तर ज्याला वाचता येतं त्याच्याकडे न्या, मग तो कुठल्या का गावचा, कुठल्या का भाषेचा असेना. आणि घरातलं एखादं मोठं माणूस कसल्याशा वस्तूला फार घट्ट धरून बसलं असेल, तर त्याला हसू नका, त्याच्या हातातून ती ओढूनही घेऊ नका. शेजारी बसा आणि काय झालं होतं ते विचारा. मार्सेलिनला तेवढं त्रेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.